पेव

गाडी नंबर एकशे त्रेचाळीस.
रंग हळदीचा, कॅटलॉगात नाव दुसरंच.
काचा बसल्या. दार मिटतं
पितळी डब्याचं झाकण बसावं तसं.
फक्त बॅटरी नाही.

कुपवाडच्या शेडमागं अशा रांगा,
सगळ्या दोन बोटं उंच उभ्या.
पोटात वजन नाही, म्हणून स्प्रिंगा ताठ.
नवखा बघेल तर म्हणेल, काय ऐट आहे!

मी डिस्पॅचला.
वहीत आवकीच्या रकान्यात सतरा दिवस
तीच आडवी रेघ.
सकाळी फोन: सेल बंदरात लागलेत.
दुपारी: लागलेत, पण आपले नव्हेत,
मोठ्या कंपनीनं आधीच पैसे भरून ठेवलेले.
संध्याकाळी मीच लावते.
तिकडं नुसतं गाणं वाजत राहतं.

आभाळ आलं म्हणून काल वीस गाड्या आत घेतल्या.
चौघांनी ढकलत.
कोऱ्या टायरांचा आवाज तेवढा,
ओल्या गिलाव्यावर थापी फिरावी तसा.
उताराला लागल्यावर रियाज मुलाणी ओरडला,
"मॅडम, सेकंडला टाका, सोडा क्लच!"
सगळे हसले.
ही धक्क्यानं सुरू होणारी जात नव्हे.

रियाजचे वडील डबा घेऊन आले होते.
तरुणपणी हरिपुरात पेवात उतरायचे,
हळदीची पोती वर द्यायला.
गुडघ्यांवर हात ठेवून वाकले, गाडीखाली बघितलं:
मोकळी चौकट,
टोपण घातलेली एक नारिंगी केबल.
"इथं काय असतंय?"
साठवण, म्हटलं. सगळी ताकद इथंच.
"मजी पेव."
मग उगाच, गाडीलाच सांगितल्यासारखं:
"पेव उघडलं की आदी कंदील सोडायचा खाली.
इझला, तर कुणी उतरायचं न्हाई.
काठावर बसायचं. हवा खेळू द्यायची."
किती वेळ, ते मी विचारलं.
त्यांना ऐकू कमी येतं.

पाचला नोटीस लागली. सोमवारपासून एकच पाळी.
कंत्राटावरची अकरा पोरं
गेटवर कार्डं ठेवून गेली,
एकेकानं किक मारली,
एकेक गाडी लगेच सुरू झाली.

सव्वासहाला तासगावच्या डॉक्टरीणबाईंचा फोन.
आमची एकशे त्रेचाळीस नंबरची, झाली का हो तयार?
खिडकीतून दिसत होती ती.
बॉनेटवर एक साळुंकी.

झालीय, म्हटलं.
उभी आहे.