एकशे सव्वीस चादरी

सकाळी साडेनऊला पुण्याचा कॉल.
त्याआधी कानात वायर खोचून
मी त्यांच्या दुकानातून एक फेरी मारून येते:
बटण. बटण. लिंक. बटण.
चित्र, आयएमजी चार चार सात एक.
चित्र, आयएमजी चार चार सात दोन.
माल भरपूर आहे,
प्रत्येक घडीचं तोंड बांधलेलं.

आई म्हणते, हळू बोलायला सांग की त्याला,
कुणी मागं लागलंय का?
मी म्हणते, नानांचा माग कधी हळू बोलला?

नाना काहीच म्हणत नाहीत.
अडतीस वर्षं जेकॉर्डवर. कान तिथंच राहिले,
घोंगडे वस्तीच्या पत्र्याखाली.
त्याचा दाखला कुणी दिला नाही, त्यांनी मागितलाही नाही.
माझ्याकडे आहे, शंभर टक्के, लॅमिनेट केलेला,
सिव्हिलच्या रांगेत तीन वेळा उभं राहून मिळालेला.

लहानपणी ते मला डबा द्यायला न्यायचे
आणि मी जेकॉर्डचे पुठ्ठे चाचपायची.
भोकंच भोकं, ओळीनं.
वाटायचं, कारखान्यातही माझीच लिपी चालते,
फक्त उलट्या बाजूनं लिहितात.
कितीदा वाचून पाहिलं. एक अक्षर लागलं नाही.
आज कळतं, तिथं मोर लिहिलेला होता.

कॉलवर ऋत्विज. पोरगा चांगला आहे, घाईत असतो.
"मॅडम, सगळीकडे 'सुंदर चादर' पेस्ट केलं तर चालेल ना?"
मी विचारलं, काठ किती बोटं?
झालर आहे की दुमड?
उलटी टाकली तर नक्षी राहते का?
त्यानं म्यूट केलं.
म्यूट मला ऐकू येतं:
समोरची खोली एकदम संपते.

परत आला तेव्हा म्हणाला,
"पण तुमच्यासारखे लोक असतील किती, टक्क्यात?"

आकडा पाठ होता. सांगितला नाही.
म्हटलं, माझ्या आईला दोन्ही डोळे आहेत.
एकतीस वर्षं तिनं विड्या वळल्या,
तेंदूच्या पानानं अंगठा पुसून काढला.
गुरुवारी रेशनच्या मशीननं चार वेळा सांगितलं,
पुन्हा प्रयत्न करा.
पाचव्यांदा दुकानदार म्हणाला, मावशी, उद्या या.
हिला कुठल्या टक्क्यात धरू?

यावेळी म्यूट नव्हतं.
पंख्याची कुरकुर येत होती, त्याच्याकडची.

माझ्या लॅपटॉपचा पडदा एरवी काळा असतो,
तेवढीच बॅटरी वाचते.
आज उजेड पूर्ण वाढवला
आणि दोघांना समोर बसवलं.
पहिली चादर. रंग?
"नीलम," आई म्हणाली.
नानांनी तिचे ओठ पाहिले असणार.
"कादु. नेमलिकंठम."
मोराच्या मानेचा.
"निळाच आहे ओ!"
"मान वळवली की हिरवा."
मग तेलुगूत जुंपली, माझ्या लग्नाच्या शालूपर्यंत गेली,
जो घेतलाच नव्हता.

मी लिहिलं:
मोराच्या मानेचा रंग, पडेल त्या उजेडात निळा किंवा हिरवा;
काठ चार बोटं, मध्ये आठ पाकळ्यांची फुलं, दोन्ही अंगांनी वापरता येते.
ऋत्विजचा निरोप आला: मॅडम, जरा लांब होतंय.
होऊ दे, मी लिहिलं. दुहेरी चादर आहे.

मग बराच वेळ कुणी बोललं नाही.
नुसता एक बारीक आवाज, काचेवर कातडी घासल्यासारखा.
काय करतायत गं?
"काय करणार," आई म्हणाली,
"पडद्यावर अंगठा चोळून
सूत किती नंबरचं ते बघतायत."

चादर चार चार सात दोन. लाल. निदान आत्तापर्यंत तरी.