पाचट

यंदा फड पेटवायचे नाहीत,
कारखान्याचा माणूस सांगून गेला.
जीपमधून उतरला नाही.

त्या दिवशी दोरीवरची चादर
दिवेलागणीपर्यंत पांढरी राहिली.
मी दोनदा जाऊन बघितली, बोट ओढून बघितलं.
आलागोआसच्या या टेकड्यांत
एकवीस हंगाम धुणं वाळत घातलं,
पलीकडे धूर उठला की धावत जाऊन
ओलंच ओढून आत आणलं.
पांढरा हा सकाळचा रंग,
दुपारी तो नसतो, एवढंच ठाऊक.

रायानीचं वाफेचं यंत्र
खिळ्याला टांगलेलं आहे अजून.
काढायचा धीर होत नाही.

जोझिवान अंधार पडल्यावर आला.
बाह्या दंडापर्यंत चिरलेल्या, आतला दंडही.
जळक्या फडात तो दिवसाला नऊ टन पाडायचा.
आज चार.
काठीवाल्यानं मोजलं. टनाचा दर तोच.
"अर्धं काम आग करायची," तो म्हणाला,
"आणि तिची मजुरी मी घ्यायचो."
मग हात मिठाच्या पाण्यात बुडवले
आणि बराच वेळ बोललाच नाही.

शनिवारी आदेइल्दोला साप डसला,
नव्या गमबुटाच्या बोटभर वर.
वाचला.
पूर्वी साप आगीपुढे पळायचे,
नाहीतर राखेत सापडायचे
दोरीसारखे वेटोळे, रानउंदरांशेजारी.

दोना कितेरियाचा स्वतःचा तुकडा आहे, दीड हेक्टर.
तिनं मला पाचट उचलून दाखवलं:
खाली डिसेंबरातही ओल, गांडुळं,
खोडव्याला बोटाएवढे कोंब.
"आणि हेही बघ," म्हणाली,
मुळाशी थुंकीसारखा फेस, फेसात किडा.
"यालाही गारवा आवडतो."

खाली सपाटीवर यंत्र आलं आहे.
रात्रभर त्याचे दिवे फिरतात,
ऐंशी माणसांचा ऊस एकटं खातं.
आमच्या टेकडीवर ते उलटतं म्हणे.
चढाच्या जिवावर आमची चूल.

परवा मध्यरात्री जोझिवान उठून बसला.
"कुठं पेटलंय?"
कुठंच नाही.
"मग वास का येत नाही?"
मी म्हटलं, म्हणूनच.
तो दारात जाऊन उभा राहिला, काळ्या स्वच्छ आभाळाखाली,
हरवलेलं काही शोधावं तसा.
आत पोरगी झोपली होती,
छातीत शिट्टी नव्हती.
मी तिचा श्वास मोजत होते
आणि बाहेर तो कानस घेऊन
कोयत्याला धार लावत बसला,
उजाडायला तीन तास होते तरी.