फाईल क्रमांक सात

सहा फायली सरळ होत्या :
पगाराच्या चिठ्ठ्या, मुकादमाचं पत्र,
धुरकट फोटोत कसलासा चषक.

सातवी व्हिडिओ. चाळीस सेकंद.
मोबाईल तेलाच्या डब्याला टेकवलेला, म्हणून
टिमारूची ती लोकरीची शेड जराशी कललेली,
आणि हुहाना पारोने : चेहरा नाही, नुसते हात.

ढिगातून एक बट ओढते,
दोन्ही टोकं चिमटीत, कानाशी नेते,
टिचकी.
बाजूला टाकते.
पुन्हा.

मागे यंत्राची घरघर. मला काहीच ऐकू येईना.
डनेडिनहून फोन लावला :
बाई, ऐकता काय तुम्ही?

ती हसली. "मेंढी हिवाळ्यात उपाशी राहिली असेल
तर धागा नेमका तिथेच तुटतो.
तुटायच्या आधी पालीसारखा चुकचुकतो."
हे शिकलात कुठे?
"इथेच. एकतीस वर्षं."

फॉर्मात एक रकाना आहे : संस्थेचं नाव.
तो रिकामा राहिला तर पुढचं पान उघडत नाही.

रात्री हेडफोन लावून ते चाळीस सेकंद
अकरा वेळा ऐकले.
बाराव्यांदा, घरघरीच्या पोटात,
चुक्.

रकान्यात लिहिलं : मेंढ्या.
पान उघडलं.