चाळीस जॅकेटं

सकाळी बांधावर दोरी ताणून
मी जॅकेटं वाळत घालते. चाळीस.
केशरी, म्हणजे एकेकाळी केशरी,
कालच्या माणसांच्या घामाची, खोबरेल तेलाच्या वासाची.
तळ्यावरचं धुकं अजून उठलेलं नसतं.
पलीकडच्या भेरली माडावरून धनेश जातात,
गिरणीचा पट्टा सुटावा तसा पंखांचा आवाज,
आणि इनास लोबो हंसाच्या पोटात वाकून
पायडलची चेन बसवत असतो.
चार हंस आहेत आमच्याकडे. एकाची चोच मोडलीय.
मुलं नेमका तोच मागतात.

दहाला पहिली बस. सांगलीची शाळा,
मग मेंदी न उतरलेलं एक जोडपं,
मग पोहता येतं म्हणून जॅकेट नको असलेले आजोबा.
मी म्हणते, काका, पाण्याला ते माहीत नाही.

खोल किती? मगर आहे का? बांधलं कुणी?
खोल: सासऱ्यांनी बांबू घातला होता, टेकला नाही.
मगर: मी कधी नाही पाहिली, इनास रोज पाहतो.
बांधलं कुणी: पाटीवर सरदाराचं नाव आहे,
जांभा ज्यांनी फोडला त्यांचं नाही.

पण गोष्ट सगळ्यांना हवी असते. मग सांगते.
लग्नघरची बाई तिन्हीसांजेला यायची,
परडीत सुरंगीची फुलं,
मोजून मागायची: चार पाटल्या, एक ठुशी, एक नथ,
आणि परडी पाण्यावर सोडून
मागे न बघता घरी.
सकाळी परडी काठाला. सोन्याने भरलेली.
बुडायची नाही, तेवढंच नवल.
लग्न उरकलं की सगळं परत.
कितीतरी पिढ्या असं. मग एकीने नथ ठेवून घेतली.
तेव्हापासून तळं काही देत नाही.

इथे सगळे हळहळतात,
फोटो काढतात, पट्टे आवळत उठतात.

त्या बाईचा मला राग येत नाही,
हे मात्र सांगत नाही.
माझ्या लग्नातली नथ शेजारच्या तेरशांची होती.
पंगत उठायच्या आत
त्यांची सून दारात उभी.

जानेवारीतल्या एका रविवारी मोजली, तर एकोणचाळीस.
पुन्हा मोजली.
सतरा नंबर नाही.
वहीत सगळी नावं उतरलेली. सहली, जोडपी,
खाडीपलीकडच्या बचत गटाच्या बायका.
माणसं पूर्ण, जॅकेट कमी.
उलटं असतं तर, एवढाच विचार करून
मी पायरीवर बसले.
इनास बॅटरी घेऊन काठ फिरून आला.
‘बुडाचा नाय ता, वयनी. जाकीट असा.
खंय तरी तरंगत आसतला.’
साडेआठशे रुपये माझ्या पगारातून गेले.

शिवरात्र झाल्यावर कालवं आणायला
खाडीवर गेले. ओहोटी होती.
बायका कमरेइतक्या पाण्यात, हातात कोयते,
आणि एका होडीत, आईच्या नजरेच्या टप्प्यात,
पाचेक वर्षांचं पोर.
गुडघ्यांपर्यंत केशरी.
पाठीवर माझ्याच हातचा १७,
सातचं शेपूट लांबलेलं, तसंच.
पट्टा मोठा झाला म्हणून
कुणीतरी मासेमारीच्या दोऱ्याने आत घेतलेला,
बारीक टाके, मला जमले नसते असे.

तिने मला ओळखलं असावं.
कोयता थांबला.
मी विचारलं, वाटा केवढ्याक?
तिने सांगितलं. घासाघीस केली नाही.
तिने वर मूठभर घातली, ती मात्र घेतली.

घरी कालवं निवडता निवडता अंधार झाला.
दुसऱ्या दिवशी दोरी, धुकं, धनेश.
इनासने हाक दिली, ‘पुरी आसत?’
मी वही उघडली. एकूण चाळीस, लिहिलं.
दोरीवर एकोणचाळीस.
एक वापरात.