एका फुटाचा एक इंच

माझा भाऊ ॲम्ब्रोझ चाळीस वर्षं
स्पॉल्डिंगमधल्या लोकांच्या दाढा उपटत होता.
आता गॅरेजमध्ये इंजिन करतो.
एका फुटाचा एक इंच.
तीन आसांचं, मालगाडी ओढणारं, काळं,
जे खरं होतं तेव्हा आमच्या फाटकावरून
दिवसातून दोनदा जायचं,
बटाटे घेऊन जायचं, रिकामं परत यायचं.

रिव्हेट त्याने फोटोवरून मोजले, भिंग लावून.
एका बाजूला दोनशे सतरा.
चौकटीच्या खालच्या अंगाला बघायला
तोंडात घालायचा तो गोल आरसा वापरतो,
आणि ड्रिल लावताना, सवयीने,
पितळेला म्हणतो, जरा कळ लागेल हं.

फोटोत नसलेली एकच गोष्ट राहिली: शिट्टी.
मापात केलेली तर केटलीसारखी किंचाळली.
"सगळं बारापट लहान होतं, हेस्टर,
आवाज लहान होत नाही, तो नुसता चढतो."
म्हणून लांब नळी, पायफळीखाली लपवायची,
कुणाला दिसणार नाही अशी.
आणि लांबी किती, ते मी सांगायचं.

मी, कारण तो अकराव्या वर्षी
स्कॉलरशिप घेऊन लिंकनला गेला, बोर्डिंगात,
आणि मी बापाबरोबर फाटकावर राहिले.
बापाच्या छातीत धुकं भरलं तेव्हापासून
चाक मीच फिरवायची.
त्याला इंजिनाचा नंबर पाठ आहे.
मला एवढं माहीत आहे की हिवाळ्यात ड्रायव्हर
वेग कमी न करता कोळशाचं एक मोठं ढेकूळ
आमच्या कोबीवर फेकायचा,
आणि कोबीच्या नुकसानाबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

पहिली नळी. कॉम्प्रेसरची हवा. नाही.
दुसरी. अजून खाली.
तिसरी गायीसारखी. वर घे.
सहावीला मला शिंक आली, ती परत वाजवावी लागली.
नवव्या नळीपाशी माझ्या लक्षात आलं
की मला आठवत नाहीये.
मी शोधत होते तो आवाज कधी एकटा आलाच नव्हता.
त्याच्या आधी तारेची घंटा असायची,
मागून बापाचा खोकला,
सपाट रान, ज्यात आवाजाला अडायला झाडही नाही,
आणि हातमोज्यांना थंड लोखंडाचा वास.
एवढं सगळं पितळेच्या नळीत
कापून कसं बसवायचं?

अकराव्या नळीला ॲम्ब्रोझची बोटं थरथरत होती,
ज्या बोटांवर अर्ध्या गावाने
तोंड उघडून विश्वास टाकला होता.
मी म्हटलं, हीच.
त्याने तिला चांदीचा डाग देऊन टाकला.

गेल्या शनिवारी, मागच्या अंगणात, वाफ धरली.
काडेपेटीएवढ्या दारातून
चमच्याने कोळसा, दाण्यादाण्याने, ओठ चावत.
काटा नव्वदवर आला. त्याने साखळी ओढली.

सूर चुकला. वाफेत नळीचा सूर चढतो,
आम्ही तो हवेवर जुळवला होता.
शेजारच्या मिसेस ओल्डरशॉचं कुत्रं
बिछान्यात पाहुणा सापडावा तसं भुंकलं.
आणि मी बघते तर माझे दोन्ही हात
ब्लँकेटमधून बाहेर आलेले,
छातीसमोर, नसलेल्या चाकावर,
डावीकडून उजवीकडे फिरत.

ॲम्ब्रोझ गुडघ्यांवरच वळला, चष्म्यावर थेंब.
"बरोबर आहे?"

"सात मिनिटं लेट आहे," मी म्हटलं.
"जाऊ दे त्याला."