खांद्यावरचं वांग्याचं फूल

अकरा वर्षांनी जंगूदादा परतला
तेव्हा पैनगंगेला पाणी घोट्याइतकंच होतं
आणि त्याच्या दोन्ही खांद्यांवर
एकेक वांग्याचं फूल.

आईने सदरा बाजूला सारून पाहिलं.
तिच्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत
विंचू, मोराचं पाऊल, पाच ठिपक्यांचं घर,
मांडवीच्या बाजारात पायलीभर ज्वारी मोजून गोंदवलेलं.
"गोंदायचंच होतं तर सूर्य होता,
वाघ होता, भीमायकाची काठी होती.
वांगं काहून रे?"

दादा हसला. म्हणाला, तिकडे बोर्निओत
घर सोडून निघालेल्या पोराच्या खांद्यावर हेच काढतात,
ओझ्याचा पट्टा घासतो बरोब्बर तिथे.
फुलाच्या मधोमध भोवरा.
बेडकाच्या पिल्लाच्या पोटात कातडीआडून
आतड्याची गुंडाळी दिसते ना, तसा.
ती जिवाची दोरी.

"बेडूकमासा?" आई म्हणाली
आणि बराच वेळ बोटाने तो भोवरा फिरवत राहिली,
आतून बाहेर, बाहेरून आत.

रात्री पोडाच्या चावडीवर
त्याने लांब घराची गोष्ट सांगितली.
एक छप्पर, चाळीस दारं, सगळ्यांची मिळून एकच ओसरी.
भाताचा जीव दचकू नये म्हणून
कापणीत कुणी मोठ्यानं बोलत नाही.
म्हातारा लेतू टेकाम म्हणाला,
"यात नवं काय सांगितलंस?
आपण तरी नव्या मोहाला विचारल्याबिगर हात लावतो का?"
पोरं मोबाइलमध्ये होती.

पक्ष्याची गोष्ट त्याने फक्त मला सांगितली,
सागाच्या गंजीमागे, बिडी हातातच विझलेली.
खाणीत लांटिंग नावाचा गडी होता, तिथलाच,
डंपर चालवायचा.
एका पहाटे पक्षी ओरडला, डावीकडून आडवा गेला.
लांटिंगने इंजिन बंद केलं, किल्ली चाकावर ठेवली
आणि चालत घरी गेला.
पहिल्या दिवशी पगार कापला. तिसऱ्या दिवशी नाव.
डंपर दादाला मिळाला.

"मला वाटलं, आता ब्रेक जाईल. दरड येईल.
टायर तरी फुटेल.
बाई, काहीच झालं नाही.
दीड वर्षं चालवला, काहीच नाही झालं.
डोंगर तेवढा संपला.
शेवटची खेप भरताना कळलं,
तो आपल्यासाठी ओरडलाच नव्हता."

मी आशा कार्यकर्ती. जन्म लिहिते, ताप लिहिते.
असल्या गोष्टीला माझ्या वहीत रकाना नाही.
पण दुसऱ्या दिवशी लसीचा डबा घेऊन निघाले
आणि डाव्या हाताला टिटवी ओरडली
तशी मी थांबले,
पाठीमागच्या टेकडीकडे पाहिलं.
गिट्टीवाल्यांनी तिच्या पोटावर
चुन्याच्या रेघा ओढून महिना झाला होता.

त्या रात्री इस्लापूरपासून सगळी लाईन गेली.
उंबऱ्यात आई, पायरीवर आम्ही.
दादा सांगत होता, तिकडचे म्हणतात,
मेल्यावर वाट काळोखी असते, नदी आडवी येते,
तेव्हा गोंदण पेटतं, दिव्यासारखं.

"डागिने हितंच काढून घेतात," आई म्हणाली,
"गोंदण तेवढं संगं येतं, हे माझ्या मायनं सांगितलेलं.
पेटतं ते नव्हतं ठाऊक."
तिने हात अंधारात लांब धरला.
थांबून पाहिलं.
आम्हीही पाहिलं.

मग चाचपत तिने माझा दंड धरला.
कोरा. गोंदणारीच्या सुईसमोरून
मी रडत शाळेत पळाले होते.
तिची बोटं वर सरकली, खांद्याखाली थांबली
एका बारक्या खळग्यावर.
"हे काय?"
"लस. लहानपणीची."

ती त्याच्याभोवती बोट फिरवत राहिली,
आतून बाहेर, बाहेरून आत.
"बरं," म्हणाली,
"तुझं एवढं तरी हाय."