अबला

पहिल्या दिवशी फाटक उघडलं
आणि सात-आठ पोरं ओरडत धावली:
अबला! अबला!
मी थबकलेच.

एकोणीस वर्षं चिपळूणजवळच्या शाळेत मराठी शिकवलं.
समानार्थी शब्दांत खडूने किती वेळा लिहिलं असेल:
स्त्री, नारी, वनिता, अबला.
झुवेना म्हणाली, अगं, अबला म्हणजे शाळेतली बाई.
म्हटलं, आमच्याकडेही बाईच,
फक्त जरा कमी ताकदीची.
हे तिला सांगण्याइतकं अरबी मला येत नव्हतं,
म्हणून दोघी नुसत्याच हसलो.

सोहारमध्ये समुद्र जवळ आणि हवा ओल्या फडक्यासारखी.
नवरा स्मेल्टरमधली रात्रपाळी करून येतो,
पडदे ओढून झोपतो,
तेव्हा मी डबा घेऊन निघते.
आठवड्यातल्या चार सकाळी.
काम म्हणाल तर नखं कापायची, नाकं पुसायची,
मोजे जोडायचे. मोजे सत्तेचाळीस.
अठ्ठेचाळिसावा कुठे गेला
यावर दर रविवारी भांडण.

मझूनचे केस माझ्या हाताला वळेनात.
मी जन्मभर सरळ केसांच्या वेण्या घातलेली.
झुवेनाची आजी झांजिबारची,
तिने बोटं धरून शिकवलं:
आधी पाणी, मग तेल,
टोकाकडून सोडवत वर यायचं.
खोबरेलाची बाटली मी घरून नेली.
मझून वास घेऊन म्हणाली, बिस्किट.

दारामागे अरबीत आणि इंग्रजीत एक सूचना चिकटवली आहे.
फोटो काढू नयेत.
कुणा एकालाच खाऊ आणू नये.
उद्या येईन असं मुलांना सांगू नये.
मग काय सांगायचं?
इन्शाल्ला म्हणा, झुवेना म्हणाली.
पण पोरांना इन्शाल्लाचा अर्थ पक्का ठाऊक.
हमदान तर इन्शाल्ला ऐकला की पाठच फिरवतो.

म्हणून निघताना मी
तोंडात बसलेलं तेच म्हटलं: येते.
जाते म्हणायचं नसतं,
म्हटलं तर आई उंबऱ्यातून परत आत बोलवायची.
मझूनने विचारलं, येते म्हणजे?
मी हात फाटकाकडे केला.
मग परत स्वतःकडे आणला.
मग पुन्हा फाटकाकडे.
ती म्हणाली, कळलं.
काय कळलं, देव जाणे.

त्यानंतर सगळंच येते.
पावाची गाडी वळली, येते.
न्हाणीतलं पाणी जाळीतून गरगरत गेलं, येते.
एसी बंद पडला, येते.
व्हरांड्यात चिमणी मरून पडली होती.
तिला वाळूत पुरून, तळवे झटकून, येते.
मी व्याकरण सुधारायला गेले नाही.

मंगळवारी इब्रीहून एक जोडपं आलं.
सहा महिने कागद चालले होते, मला शेवटी कळलं.
बाई पिशवीचा बंद पिळत उभी.
पुरुष चष्मा पुसायचा, लावायचा,
परत काढून पुसायचा.
नव्या सँडल आणल्या होत्या, एक नंबर मोठ्या.
त्या दिवशी वेण्यांना चाळीस मिनिटं लागली.
मझून एकदाही ओरडली नाही.
मीच दोनदा म्हटलं, दुखतंय का?
मराठीत.

गाडीची काच अर्धी खाली आली.
ती सगळ्यांकडे बघत होती, म्हणजे कुणाकडेच नाही.
मग माझ्याकडे बघून, स्पष्ट,
कोकणातल्या माणसासारखं:
येते.

यावर आमच्यात एकच उत्तर असतं.
ये, म्हटलं.
काच वर गेली होती.

धूळ बसेपर्यंत उभी होते.
मागून कुणी ओढणी ओढली.
अबला, नाडी सुटली.
खाली बसले, दोन्ही टोकं धरली.
गाठ काही केल्या बसेना,
बोटांत बळच नव्हतं.
हमदानने थोडा वेळ वाट पाहिली,
मग माझ्या हातातून टोकं काढून घेतली
आणि स्वतःच बांधली, उलटी.